कै. धाऊ भेरे यांचे चित्र उघडण्याबाबत

शहापूर,
दि. १० फेब्रुवारी २००६

ती. जयरामदादा यांच्या सेवेशी,

मावसभाऊ कुंडलिकचा वाकून नमस्कार. वहिनींना वेगळा नमस्कार, तुमच्यातलाच अर्धा काढून त्यांना देऊ नये. तुमच्या पाठीत उसण भरल्याचं मागच्या पत्रात वाचून काळजी वाटली होती. ते पत्र दीड वर्षापूर्वीचं असल्याने एव्हाना उसण गेली असेल किंवा तिची सवय झाली असेल. जे झालं असेल ते कळवावं. जळगावचा उन्हाळा जवळ आला, पाणी भरपूर पीत जावं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईच्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीआधी काढला. तेव्हापासून तिला घरातली जळमटं, भांड्यांवरचे डाग आणि माझं सुटलेलं पोट स्वच्छ दिसू लागलं आहे, त्यामुळे तिच्याखेरीज घरात कोणाला स्वस्थता नाही. दुकान चाललंय. (हा मजकूर ई-मेलने पाठवणार होतो. पण माझा मराठी फॉन्ट तुमच्या मशिनवर नसला तर माझ्या नमस्काराच्या जागी तुम्हाला काय दिसेल याचा भरवसा नाही. तो अनुभव पुढे येतोच आहे. म्हणून शाईचं पेन शोधलं.)

पत्राला कारण असं, की तुमच्या हातचं एक जुनं काम मला उघडावं लागलं, आणि त्यातून जे निघालं ते तुमच्या कानावर असावं. मी रागावलेलो नाही. तक्रारही नाही. घडलं ते क्रमाने सांगतो.

डिसेंबरात एका दुपारी अंबूबाई भेरे दुकानात आल्या. किन्हवलीच्या पुढे त्यांचं गाव. त्या कै. धाऊ भेरे सरपंचांचं कुटुंब, म्हणजे तुम्हाला आठवायला हव्यात. सरपंच शहाण्णव साली वारले तेव्हा त्यांचं श्रद्धांजलीचं पत्रक आपल्या दुकानात झालं होतं. दुकान तेव्हा तुमचं होतं, चित्रं तुम्ही काढायचात, आणि मी झेरॉक्सच्या मशिनमध्ये अडकलेले कागद ओढायचो. अंबूमावशींबरोबर त्यांचा मुलगा कान्हा होता. बाप गेला तेव्हा हा दुसरीत होता. आता आसनगावहून कल्याणला कामाला जातो, खिशात मोबाईल असतो आणि बोलताना मध्येमध्ये 'ॲक्च्युली' म्हणतो. पोरगा गुणी आहे.

प्रकरण असं होतं. त्यांच्या ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली, सव्वीस जानेवारीला उद्घाटन ठरलं, आणि सभागृहात आजवरच्या सगळ्या सरपंचांचे फोटो ओळीने लावायचा ठराव झाला. बाकीच्यांचे फोटो मिळाले. एकाचा स्वतःच्या लग्नातला आहे, त्यामुळे वयाची साठी ओलांडून गेलेले ते गृहस्थ आता भिंतीवर मुंडावळ्या बांधून बसले आहेत. धाऊबाबांचा मात्र एकही फोटो उरलेला नाही. गेल्या जुलैच्या पुरात अंबूमावशींच्या घराची मागची भिंत बसली आणि कागदपत्रांची पेटी तिच्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर पेटी निघाली, पण आत चिखलाच्या वड्या होत्या. पत्रकाची शेवटची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती, ती कपाटासकट गेली. आता सरपंच आहेत सरिताताई, आणि त्यांच्या मागे खुर्ची टाकून कारभार बघतात त्यांचे यजमान. (गावात त्यांना 'सरपंचपती' म्हणतात, आणि ते त्या नावाला ओ देतात.) सरपंचपतींनी सुचवलं, की फोटो नसेल तर नुसती फ्रेम लावू, खाली नाव लिहू, काम भागेल.

हे मला सांगताना अंबूमावशींचा आवाज पहिल्यांदा चढला. "बाकीच्यांना तोंडं, आनि आमच्याला नुसती चौकट? त्यापरीस नाव पन नको लावू बोलले मी."

पत्रक कंप्युटरवर केलं होतं आणि कंप्युटरमध्ये सगळं राहतं, असं कान्हाला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून ते माझ्याकडे आले. कंप्युटरमध्ये सगळं राहतं हे खरं आहे. ते परत बाहेर येतं की नाही हा वेगळा विषय आहे.

तुमच्या फ्लॉप्या मी जपून ठेवल्या आहेत, हे या निमित्ताने नमूद करतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, लॅमिनेशनच्या मशिनखाली. प्रत्येकीवर तुमच्या वळणदार अक्षरात 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं आहे. सगळ्यांवर तेच लिहिलेलं असल्याने शोधायला त्याचा उपयोग होत नाही. एकीवर 'अतिमहत्त्वाचे' होतं, ती आधी घातली, ती कोरी निघाली. बाकीच्या एकेक करून घालत गेलो. फ्लॉपीच्या खाचेतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज यायचा आणि अंबूमावशी दचकून खुर्ची मागे घ्यायच्या. अखेर एकीत सापडलं. नाव आठ अक्षरांत कोंबलेलं, इंग्रजीत 'धाऊश्रद्' इतकंच, पुढे श्रद्धेला जागा उरली नव्हती.

त्यावर टिचकी मारली तर कंप्युटरने मलाच विचारलं, की हे कशात उघडू? आपल्याच चित्रांच्या प्रोग्रामची आता माझ्याकडे नवी आवृत्ती आहे. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, फाईल फार जुन्या आवृत्तीतली आहे, मला वाचता येत नाही. म्हणजे घराणं एकच, आडनाव एकच, पण नातवाला आजोबांची मोडी लागत नाही.

मग मला त्या छोट्या प्रोग्रामची आठवण झाली. एका कंप्युटर-मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यात तो होता. तो जुन्या चित्रांच्या फायली उघडत नाही, नुसता डोकावतो. तुम्हाला हे माहीत असणारच, तरी लिहितो, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्या काळचं चित्र म्हणजे आत नुसत्या आज्ञा असतात. इथून रेघ सुरू कर, तिथे वाकव, या जागेत काळा रंग भर. त्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम नसेल तर चित्रही नाही. पण फाईल साठवताना आतल्या चित्राची नखाएवढी छबीही तिच्यात ठेवलेली असते, ओळखीपुरती. हा प्रोग्राम तेवढी छबी काढून दाखवतो. डाव्या हाताला फायलींची यादी, उजव्या हाताला छब्या. फ्लॉपीतली तुमची सगळी जुनी कामं एकाखाली एक दिसू लागली. लग्नपत्रिकांचे गणपती, एका पिठाच्या गिरणीची पाटी, नारळ, कलश, पुन्हा गणपती. काही ठिकाणी नुसता राखाडी चौकोन आणि त्यावर फुली. आणि खाली, काळ्या चौकटीत, एक माणूस. डोक्याला फेटा, भरघोस मिशी, खाली काळी आडवी रेघ, जी बहुधा अक्षरं असावीत.

"हेच!" कान्हा ओरडला. "हेच आमचे बाबा!"

त्याने पडद्यावर बोट ठेवलं तर सरपंच बोटाखाली पूर्ण झाकले गेले. अंबूमावशी जवळ आल्या, वाकून बघितलं, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. दादा, धंद्यात मी इतकी वर्षं श्रद्धांजल्या लावतोय, एका मजकुरातलं नाव खोडून दुसरं घालतो आणि तोवर चहा पितो. पण तो पदर बघून मी हातातला चहा खाली ठेवला. मी म्हणालो, मावशी, काळजी सोडा, भिंतीएवढं करून देतो. हे बोलण्याआधी मोठं करता येतं का ते बघायला हवं होतं.

येत नव्हतं. नखाएवढी छबी ताणली की तिचे चौकोन होतात. सरपंचांचा चेहरा टाईल्स घातलेल्या जमिनीसारखा झाला, डावा डोळा एका टाईलमध्ये, उजवा दीड टाईलमध्ये. कान्हा म्हणाला, लांबून बघितलं तर ॲक्च्युली चांगलं दिसेल. म्हणून आम्ही मागे मागे सरकत गेलो. रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या दारात उभं राहिल्यावर सरपंच स्पष्ट दिसत होते हे मान्य करायला हवं. पण पंचायतीचं सभागृह तेवढं लांब नाही.

तेव्हा मी कल्याण गाठलं. तिथे संदेश नावाचा एक जण जुन्या मशिनी दुरुस्त करून विकतो. त्याच्या दुकानात शिरायचं म्हणजे मेलेल्या मॉनिटरांच्या मधून अंग चोरत जायचं. त्याच्याकडे एक मशिन होतं, त्यात आपल्या प्रोग्रामची मधल्या पिढीची आवृत्ती होती, जिला आजोबांचंही कळतं आणि नातवाशीही बोलता येतं. संदेशने फ्लॉपीवर फुंकर मारली, ती शर्टाला पुसली, घातली. फाईल उघडली म्हणण्यापेक्षा बाहेर सांडली. आधी अक्षरं आली. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, दोन प्रश्नचिन्हं, एक टक्क्याचं चिन्ह आणि पौंडाचं. 'कै. धाऊ' च्या जागी नुसताच एक तारा. (तुमचा त्या वेळचा मराठी फॉन्ट त्या मशिनवर नव्हता. फॉन्ट नसला की आपली मराठी अशी उघडी पडते.) मी म्हणालो, अक्षरं राहू द्या, ती मी पुन्हा लावतो, माणूस दाखवा.

मग माणूस आला. पूर्ण पडदाभर, एकही चौकोन नाही, रेघ न् रेघ स्वच्छ.

संदेशने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, "सेठ, तुमचे सरपंच पाईप ओढायचे काय?"

दादा, सरपंचांच्या तोंडात पाईप होता. वाकडा, मोठ्या भांड्याचा, वर धुराची छानशी वेलांटी. फेटा डोक्यावरून घसरून डाव्या खांद्यावर बसला होता आणि त्याच्या जागी डोक्यावर पुढे झापड असलेली टोपी होती, तिच्यावर जहाजाचा नांगर. संदेश धंद्यातला माणूस, त्याने लगेच कारण सांगितलं. काढणाऱ्याने मूळ चित्रावर पांढरी ठिगळं लावून नको ते झाकलं होतं, आणि एका आवृत्तीतून दुसरीत येताना ती कडा नसलेली ठिगळं गळून पडली. छबी जुन्याच वेळची, म्हणून तिच्यात ठिगळं शाबूत आणि सरपंच सभ्य. मी त्याला रंग काढून नुसत्या तारा, म्हणजे सगळ्या रेघांचा सांगाडा, दाखवायला सांगितलं. तारांमध्ये काही झाकता येत नाही. पितळी बटणांचा कोट दिसला. जहाजाचं सुकाणू दिसलं. एक समुद्रपक्षीही होता, त्याला तुम्ही 'भावपूर्ण' या शब्दाखाली दडवलं होतं.

मला ती सीडी आठवली. हजारो तयार चित्रांची, तुम्ही मुंबईहून आणलेली, जिच्यावर तुम्ही मला बोट लावू द्यायचा नाहीत. तिच्यात धंद्यांचा एक कप्पा होता. डॉक्टर, वकील, पाववाला, जहाजाचा कप्तान. सरपंच त्यात नव्हता. तेव्हा तुम्ही कप्तान घेतलात, त्याला फेटा बांधलात, पाईप झाकलात आणि मिशी त्याचीच राहू दिलीत. काम सुबक आहे, हे मी प्रामाणिकपणे म्हणतो. शहाण्णवच्या त्या काळ्या छपाईत कोणाच्या लक्षात आलं नाही यात नवल नाही. मला आठवतं त्याप्रमाणे तुम्ही असं कधी करत नव्हता. लोकांनी दिलेला फोटो पारदर्शक कागदावर उतरवायचा, तो कागद मॉनिटरच्या काचेवर चिकटवायचा आणि माउसने त्याच्यामागून रेघ फिरवायची, अशी तुमची पद्धत होती आणि एका चेहऱ्याला सबंध दिवस जायचा. या एकाच कामात ती का सोडलीत, हा प्रश्न मला परतीच्या वाटेवर पडला होता. (तेव्हा विचारला नाही, आताही विचारत नाही.)

आता करायचं काय? अंबूमावशींना जाऊन सांगायचं, की तुम्ही ज्याला बघून पदर घेतलात तो गोरा साहेब आहे? आणि कान्हाने तोवर पंचायतीत जाहीर करून टाकलं होतं, की बाबांचं ओरिजिनल चित्र सापडलं. त्याचा रोज फोन, झालं का. मी ठरवलं, की निदान चेहरा तरी धाऊबाबांच्या जवळ नेऊ. म्हणून एका रविवारी पेन्सिल घेऊन त्यांच्या गावात गेलो आणि त्यांना पाहिलेल्या लोकांना विचारत सुटलो. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत निष्फळ रविवार. मिशी होती असं तिघं म्हणाले, नव्हती असं दोघं म्हणाले, आणि एका म्हाताऱ्याने खात्रीने सांगितलं की पहिल्या निवडणुकीला होती, दुसरीला नव्हती, म्हणून दुसरीला मतं घटली. नथू नावाचे एक गृहस्थ आहेत, धाऊबाबांच्या विरुद्ध दोनदा उभे राहून दोनदा पडलेले. ते म्हणाले, नाक मोठं काढ, सगळीकडे खुपसायचा. गाल भरलेले होते, बसलेले होते. कपाळ मोठं होतं, कपाळ कधी दिसलंच नाही, टोपी असायची. प्रत्येकाचं ऐकून मी दुरुस्त्या करत गेलो, आणि त्या एकमेकींना खोडत गेल्या. शेवटी बघतो तर पुन्हा कप्तानच समोर, नाक तेवढं मोठं झालेलं. अंबूमावशींना विचारायला धीर झाला नाही. तरी आडून म्हटलं, मावशी, काही कमीजास्त करायचं का? तर म्हणाल्या, "तू करशील ते बरोबरच करशील." हे ऐकून मी पेन्सिल खिशात घातली.

पाईप पुसला. धूर पुसला. फेटा खांद्यावरून उचलून पुन्हा डोक्यावर बसवला आणि या वेळी पक्का केला. पितळी बटणं, सुकाणू आणि पक्षी काढून टाकले. मोठ्या कागदावर छापून घेतलं आणि चौकट करायला मुरबाडच्या फ्रेमवाल्याकडे घेऊन गेलो, तर दुकान बंद. जवळच्या म्हसा गावची जत्रा लागली होती आणि तो देवांच्या तसबिरींचा ठेला लावायला तिकडे गेला होता. उद्घाटन तोंडावर, म्हणून मीही म्हशाला. बैलांच्या रांगांमधून, घोंगड्यांच्या आणि गोड खाज्याच्या दुकानांमधून चित्राची गुंडाळी डोक्यावर धरून त्याला शोधला. त्याने तिथल्या तिथे चौकट ठोकली, काच बसवली, आणि डिंक सुकेपर्यंत चित्र ठेल्यावर टांगून ठेवलं. एका बाजूला दत्त, दुसऱ्या बाजूला लक्ष्मी, मध्ये कप्तान. मी भजी खाऊन परत येईतो त्याच्यासमोर एक बाई हात जोडून उभी. तिने ठेलेवाल्याला विचारलं, हे कुठले महाराज? ठेलेवाला सवयीने म्हणाला, "जागृत आहेत, घेऊन जा." मी मध्ये पडलो नसतो तर धाऊबाबा त्या दिवशी टोकावड्याच्या बाजूला कोणाच्यातरी देव्हाऱ्यात गेले असते. बाई माझ्यावर नाराज झाली. म्हणाली, एवढा मोठा महाराज एकट्याने काय घरी ठेवायचा?

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, मुलांची कवायत झाली, सरिताताईंनी फीत कापली आणि सगळे आत शिरले. ओळीने सरपंच, मुंडावळ्यांसकट. शेवटून दुसरे धाऊ भेरे. लोक एकेका चौकटीपुढे थांबत, खालचं नाव वाचत, मग वर चेहरा बघत. मी दाराच्या बाजूला उभा होतो, पळायला सोपं म्हणून. सरपंचपती म्हणाले, "धाऊशेठ जरा गोरे वाटतात." त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, काचेचा उजेड पडलाय. एवढ्यावर ते मिटलं. मग नथू पुढे आले. चित्राच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं, हा माणूस दोनदा त्यांच्या समोर उभा राहिलेला, हा ओळखणार.

"बघतो कसा बघ," नथू त्या चित्राला म्हणाले. "विहिरीचं बोललो तवा पन असाच बघलास. शेवटी खनलीस ती तुझ्याच बाजूला. पानी मात्र आमाला पन दिलंस." आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी कप्तानाकडे बघितलं. त्याला त्या विहिरीचं काही माहीत नव्हतं, पण तो ऐकून घेत होता.

नंतर सगळ्यांना जिलेबी वाटली. अंबूमावशी बाहेर पायऱ्यांवर एकट्या बसल्या होत्या. मला हाताने बोलावलं, शेजारी बसवलं, स्वतःच्या पुड्यातल्या दोन जिलेब्या माझ्या हातावर ठेवल्या.

"चित्र बरं केलंस रे कुंडलिका," त्या म्हणाल्या. "पन हे आमचे नाय."

जिलेबी माझ्या हातातच राहिली. मी विचारलं, मग त्या दिवशी दुकानात पदर का घेतलात?

"परका बाप्या समोर आला, मग नको घेऊ?"

मला हसू आलं नाही, त्यांनाच आलं. मग त्या हळू आवाजात बोलल्या. आत कान्हा चित्रापाशी उभा राहून मोबाईलने त्याचा फोटो काढत होता, तिकडे त्यांची नजर होती. "त्याला बापाचं तोंड आठवत नाय रे. दुसरीत व्हता तो. रातचा मला विचारायचा, बाबा कसे दिसायचे, आनि मला सांगता येत नसं. दिसतात, पन सांगता येत नाय. आता तो बोलला हेच, तर मी काय नाय बोलू? राहूं दे. नाव तर त्यांचंच लागलं हाय ना खाली?"

एवढं झालं आणि मी एसटी धरून शहापूरला आलो. पंचायतीने दुकानाच्या नावाने आभाराचं पत्र पाठवलं आहे, त्यात 'अत्यंत हुबेहूब' असे शब्द आहेत. ते मी लॅमिनेट करून ठेवलं आहे. श्रेय तुमचं आहे, म्हणून एक झेरॉक्स या पत्रासोबत जोडतो.

आता माझी विनंती. त्या वेळचा तुमचा मराठी फॉन्ट आणि जुन्या प्रोग्रामच्या मूळ फ्लॉप्या तुमच्याकडे असतील तर कोणाबरोबर तरी पाठवून द्याव्यात. डब्यात तुमची अजून बरीच 'महत्त्वाचे' पडून आहेत आणि त्यांच्या छब्या रोज माझ्याकडे बघतात. उद्या कोणी मागायला आलं तर प्रत्येक वेळी कल्याण गाठणं परवडत नाही. आईने तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत आणि पाठीला शेक द्यायला सांगितला आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर ऑपरेशनला भिऊ नये, असंही ती सांगते, फक्त घर आधी झाडून घ्यावं. वहिनींना व मुलांना माझी आठवण द्यावी.

आपला धाकटा,
कुंडलिक

ता. क. – फॉन्टचं आणि फ्लॉप्यांचं राहू द्या. ते संदेशने मला गेल्याच आठवड्यात दिलं. खरं विचारायचं होतं ते वर लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितो. अंबूमावशी पायऱ्यांवर आणखीही एक गोष्ट बोलल्या. त्या वेळी पत्रकासाठी त्यांनी तुमच्या हातात धाऊबाबांचा एक फोटो दिला होता. पासपोर्टचा, मुरबाडच्या स्टुडिओत काढलेला. तो परत आला नाही, आणि त्यांनी तो इतक्या वर्षांत मागितला नाही. जयरामला वाईट वाटंल, म्हणाल्या. पुरात गेला नाही असा तेवढा एकच असणार, कारण तो घरात नव्हता. ओळखायची खूण अशी. मिशी नाही. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं आहे. आणि डोळे मिटलेले आहेत, नेमका उजेड पडला तेव्हा त्यांनी मिटले. दुसरा काढायचा म्हणत होते, ते राहून गेलं. डोळे मिटलेला फोटो श्रद्धांजलीवर घालता येत नाही, हे धंद्यातला माणूस म्हणून मला कळतं, आणि तुम्ही कप्तानाकडे का वळलात तेही मग माझं मलाच कळलं. पण दादा, काम झाल्यावर तो कुठे ठेवलात? तुम्ही बिघडलेले माउसही फेकत नव्हता. जुन्या डायऱ्या, फॉन्टची पुस्तकं, माळ्यावरची खोकी, सगळं एकदा बघा. वहिनींना बघायला सांगा, त्यांना लवकर सापडेल. मी यातलं इथे कोणाला बोललेलो नाही.

ता. क. २ – सापडला तर पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. पंचायतीला दाखवायचा नाही, तिथे कप्तान आहे तो ठीक आहे. मावशींना तो घरात, त्यांच्यापाशी हवा आहे. आणि हात जोडून सांगतो, तो कंप्युटरवर घेऊन त्याचे डोळे उघडायच्या भानगडीत पडू नका. मी मावशींना म्हणालो होतो, की हल्ली तसं करता येतं. त्या म्हणाल्या, "उघडे कशाला? जेवून वट्यावर बसले, का असेच दिसायचे ते."